उशिरा मावळणारं गाव

डोळे मिटू नका. मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुम्ही डोंगरातल्या एका गावी सुट्टीला गेला आहात. पुढ्यात ताट आहे. ताटात गरम फुलके, मुगाची डाळ, कैरीचा छुंदा. समोरच्या डोंगरावर सूर्य टेकलाय. आणि घरचा नियम असा, की तो पलीकडे गेला की उद्या सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. किती घाईनं जेवाल?

आता अशीही कल्पना करा, की शेजारी कुंदनफोई बसली आहे आणि ती प्रत्येक घास बत्तीस वेळा चावते. मोजून.

कळली ना विरतीची काळजी?

विरती सुतरिया अहमदाबादला पालडीत राहायची. वय सव्वीस, दातांची डॉक्टर. कुंदनफोई तिच्या वडिलांची बहीण. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि रोज चोविहार पाळणारी, म्हणजे सूर्य मावळला की तोंड बंद. (खाण्यासाठी बंद. बोलण्यासाठी नाही.) बाळाचं नाव फोईनं ठेवायचं असतं, म्हणून भाचीचं नावही तिनंच ठेवलं होतं. विरती, म्हणजे मोह सोडणं. आता जिचं नावच मोह सोडणं, तिचीच ही प्रेमकथा निघाली, याला फोईचा इलाज नाही.

त्या वर्षी फोईनं जाहीर केलं होतं, "येत्या चातुर्मासात मी दिशांचं व्रत घेणार. मग गुजरातबाहेर पाऊल नाही. तेव्हा डोंगर दाखवायचा असेल तर या मे महिन्यात दाखवा."

"फोई, तुम्ही अबूला अकरा वेळा गेलाय," विरतीचा भाऊ म्हणाला.

"ती टेकडी. मला बर्फाचा डोंगर बघायचाय. पस्तीस वर्षं फळ्यावर डोंगर काढले मी. त्रिकोणी. 'डोंगराची उंची काढा.' खरा डोंगर त्रिकोणी असतो की नाही, ते तरी बघू दे."

"मनालीला गेला होतात की तीन वर्षांपूर्वी!"

"मनालीला मी भटारखाना पाहिला," फोई म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिथं खोल दरीत सूर्य सहाच्या आत डोंगरामागं जायचा. फोई दुपारी तीनपासून स्वयंपाक्याच्या डोक्यावर उभी. डोंगर चारही दिवस तिच्या पाठीमागं राहिला.

भाऊ-भाभींचं कापडाचं दुकान. मे म्हणजे लग्नसराई. त्यामुळे फोईला न्यायचं काम विरतीवर आलं, आणि सोबत आली भावाची सात वर्षांची मुलगी पंखी. पंखीच्या हिशेबात कुंदनफोई 'मोठी फोई' आणि विरती 'छोटी फोई'. तिला दोघी हव्या असायच्या, पण धाक वाटायचा तो मोठीचाच.

एप्रिलातल्या एका दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना, विरती पंखीचं बोट धरून चौकातल्या प्रवास-कचेरीचा जिना चढली. वर पंखा फिरत होता, हवा फिरत नव्हती. भिंतीभर डोंगरांची चित्रं. टेबलामागं एक तरुण वर्तमानपत्राखाली काहीतरी लपवत होता. फाफड्याचा वास मात्र त्याला लपवता आला नव्हता.

"जय श्रीकृष्ण. बोला बेन."

"मला एक गाव हवंय."

"विकत?"

विरतीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "सुट्टीसाठी. थंड हवेचं. बर्फ दिसायला हवा. आणि... सूर्य सगळ्यात उशिरा मावळायला हवा."

त्याचं पेन थांबलं. त्यानं प्रथमच नीट वर पाहिलं. डोळे तपकिरी, भुवया जाड, आणि दात — विरतीचं लक्ष सवयीनं तिथंच गेलं — दात अगदी ओळीत बसवल्यासारखे. फक्त एका फटीत हिरवी मिरची.

"नौका? घोडा? गरम पाणी?"

"सूर्य."

"सहा वर्षं या खुर्चीत बसतोय. लोक खिडकीतून काय दिसतं ते विचारतात, बटाट्याशिवाय भाजी मिळेल का विचारतात. सूर्याचं पहिल्यांदाच कोणी विचारलं."

"माझी फोई चोविहार करते."

"अच्छा!" पालडीत याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. तो पुढं झुकला. "मग मला सांगा, सूर्यास्त कोणता? पंचांगातला की डोंगराआडचा?"

"फोईच्या डोळ्यांना दिसतो तो. दिसेना झाला की मावळला. पंचांगाचं ती फक्त सपाटीवर ऐकते."

"अंकल," पंखी म्हणाली, "तुमच्या दातात काहीतरी अडकलंय. छोटी फोई केव्हाची तिकडंच बघतेय."

तो लाल झाला. विरती त्याहून लाल झाली. मग तो तोंड फिरवून पाणी प्यायला आणि त्यानं टेबलाच्या खणातून एक मोसंबं काढलं. "अंकल नाही, ऋजुल. ऋजुल पटवा. बघ पंखी, ही पृथ्वी. हा मोबाइलचा दिवा, म्हणजे सूर्य. हे आपलं अहमदाबाद." त्यानं पेनानं ठिपका दिला. "आणि हे पूर्वेकडचं गाव. मोसंबं असं फिरतं. आता आधी अंधारात कोण गेलं?"

"हे! पूर्वेकडचं!"

"शाब्बास."

"मोसंबं खाऊ शकते?"

"पृथ्वी आहे ती. थोडी ठेव आमच्यासाठी."

विरती ठिपक्यांकडं बघत होती. "म्हणजे ते दार्जिलिंगचं खरंच असणार..."

"दार्जिलिंगचं... काय?"

"तुम्ही नाही ऐकलं? सगळ्या पालडीत झालंय. गेल्या वर्षी कुठल्यातरी गाढवानं चाळीस म्हाताऱ्यांना दार्जिलिंगला नेलं, आणि सूर्यास्ताच्या वेळांचा कागद नेला तो अहमदाबादचा! सव्वासात धरून पानं मांडायला घेतली. तिथं सूर्य सहा-दहालाच गेलेला. चाळीस जण हात जोडून उठले. तीन दिवस उपाशी!"

"एकच संध्याकाळ," तो पटकन म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"...ऐकलं." त्यानं उरलेलं सगळं पाणी एका दमात संपवलं. मग एकदम कामाला लागला. "मनाली नको, ती खोलगट. नैनीताल म्हणजे वाटीच. तुम्हाला धारेवरचं गाव हवं, पश्चिम उघडी असलेलं. डलहौसी! वीस मेच्या सुमारास तिथं सूर्य सात-वीसला मावळतो. आपल्याहून पाच मिनिटं उशिरा."

"आपल्याहूनही? पूर्वेला असून?"

"उन्हाळ्यात उत्तरेला दिवस मोठा. पूर्वेचं नुकसान उत्तर भरून काढते." तो हसला. यावेळी फट स्वच्छ होती.

गाव ठरलं. पहिल्याच दिवशी, पंधरा मिनिटांत ठरलं. तरीही विरतीला पुढं शंका येऊ लागल्या. मंगळवारी तिला शंका आली, की पठाणकोटहून वर जाताना वळणं किती? गुरुवारी, की तिथं दूध कसलं मिळतं? शनिवारी ती आली आणि शंकाच विसरली.

"काही विचारायचं होतं?" ऋजुलनं विचारलं.

"हो... म्हणजे... डलहौसीला डास आहेत का?"

"नाहीत."

"बरं."

"हवे असतील तर इथले थोडे बांधून देतो."

ती हसली तेव्हा पंखी टेबलावर हनुवटी टेकवून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, जसं मुलं झोक्याकडं बघतात. घरी जाताना तिनं विचारलं, "छोटी फोई, डास नाहीत याचा तुला एवढा आनंद का झाला?"

आता एकच परीक्षा उरली होती. कुंदनफोई न बघता कशालाच हो म्हणत नसे. तिनं त्याला घरी बोलावलं.

ऋजुल आला तो शर्टाची वरची गुंडी लावून. फोईनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागद-पेन्सिल दिली.

"डलहौसीचे अक्षांश?"

"साडेबत्तीस, फोई."

"वीस मेला सूर्यास्त?"

"सात-वीस."

"करून दाखव."

त्यानं करून दाखवलं. कपाळावर घाम, कागदावर त्रिकोण. फोईनं चष्म्याआडून पायरी पायरी तपासली, आणि शेवटी चक्क मान हलवली. पस्तीस वर्षांत ही मान फार थोड्यांना मिळाली होती. दारामागं विरतीनं श्वास सोडला.

"चांगलं आहे. एवढं कोण शिकवतं हल्ली? कुठं शिकलास?"

झालं होतं सगळं. नुसतं 'कॉलेजात' म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण ऋजुलनं पेन्सिल खाली ठेवली. दाराकडं एकदा पाहिलं — विरतीकडं — आणि म्हणाला, "दार्जिलिंगला, फोई."

फोईनं कागद बाजूला सारला.

"तो गाढव मीच. अहमदाबादचा कागद मीच नेला होता. चाळीस जण उपाशी झोपले, आणि मी रात्रभर जिन्यात बसून होतो. परत आल्यावर हे गणित शिकलो. कचेरी माझ्या मामांची. तेव्हापासून त्यांनी मला खुर्चीतून उठू दिलेलं नाही. तुम्हाला माहीत नसताना तुमचे पैसे घेणं... मला बरं वाटेना."

"माझी मैत्रीण विमळा होती त्यांत," फोई सावकाश म्हणाली. "दोन दिवसांच्या गाडीनं थकून पोचलेली. अजून ती 'दार्जिलिंग' म्हटलं की पोटाला हात लावते."

"माहीत आहे. विमळाबेन. त्यांनी मला शिव्या नाही दिल्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आता विरतीनं काय करावं? रागवावं, की गाढव म्हटल्याबद्दल माफी मागावी? मोसंब्यावर ठिपके देणारा तो माणूस आणि पालडीभर ज्याच्यावर हसतात तो माणूस, दोघे एकाच गुंडी लावलेल्या शर्टात बसले होते. तिनं फोईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. फोई 'नाही' म्हणाली तर डोंगर गेला, कायमचा. आणि...आणि दुसरंही काहीतरी गेलं, ज्याला तिनं अजून नाव दिलं नव्हतं.

"नापास झालेल्या मुलीला मी कधी वर्गाबाहेर काढलं नाही," फोई म्हणाली. "तेच गणित पुन्हा घालायचे. तू आमच्याबरोबर येशील."

"मी?"

"तू. आणि दहाही दिवस चोविहार करशील. ज्यानं चाळीस जणांना उपाशी ठेवलं त्याला सूर्य म्हणजे काय ते पोटातून कळू दे. रात्री कुठं खातोस?"

"...माणेकचौकात, गाड्यांवर. अकरा वाजता."

"अरेरे," फोई म्हणाली, आणि त्यात पहिल्यांदाच थोडी माया होती.

"मीपण चोविहार करणार!" पंखीनं आतून ओरडून सांगितलं.

"तुला नसतो, लहान आहेस."

"मी करणारच!"

डलहौसीला पोचले तेव्हा देवदारांच्या वासानं फोईला दोनदा शिंक आली आणि मग तिनं मोठ्ठा श्वास घेतला. उतरायच्या जागेचा व्हरांडा पश्चिमेला उघडा. पहिल्याच संध्याकाळी सातला दहा कमी असताना जेवण उरकलं. पण ईशान्येचा बर्फाचा डोंगर ढगांत. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी ढग आणि गारा.

ऋजुलची अवस्था मात्र बघण्यासारखी होती. रात्री साडेआठला तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा. तिसऱ्या रात्री विरती शाल लपेटून बाहेर आली.

"झोप नाही येत?"

"झोप येते. झोपेत माणेकचौक येतो."

"आज काय आलं होतं?"

"चीज सँडविच. माझ्याकडं बघून हसत होतं."

ती खळखळून हसली, आणि आतून फोईचं खाकरणं ऐकून तिनं तोंडावर शाल दाबली. थंड वारा होता. त्यानं आपला मफलर काढून कठड्यावर ठेवला, तिच्या आणि आपल्या बरोबर मधोमध, म्हणजे दिला असंही नाही आणि दिला नाही असंही नाही. तिनं तो उचलला.

"तू त्या दिवशी गप्प बसला असतास तरी चाललं असतं," ती म्हणाली, आणि 'तू' निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्याच्याही आलं होतं. "चाललं असतं," तो म्हणाला. "पण मग तू मला गाढव म्हणाली होतीस ते... कायम दुसऱ्याच कुणाला राहिलं असतं."

चौथ्या दिवशी आभाळ निवळलं. सगळे खज्जियारच्या कुरणावर गेले. पंखी घोड्यावर बसली, फोई बाकावर. परतीला साडेपाचला निघाले. तासाभराचा रस्ता, पोचून जेवायला भरपूर वेळ. ऋजुलनं तीनदा हिशेब केला होता.

हिशेबात मेंढ्या नव्हत्या.

एका वळणावर अख्खा रस्ता पांढरा झाला. खालच्या मुलखातून वरच्या कुरणांकडं निघालेला कळप, पाचशे तरी असतील. ड्रायव्हर ध्यानसिंगनं गाडी बंद केली आणि हात डोक्यामागं घेतले.

"किती वेळ लागेल, भाईसाहेब?" विरतीनं विचारलं.

"मेंढ्यांना घड्याळ नसतं जी."

आत्ता रस्ता मोकळा होईल म्हणत गाडीतला डबा कुणी उघडला नाही, आणि पावणेसात वाजले. रस्ता धारेच्या पूर्व अंगाला होता. बघता बघता उजेड झाडांच्या शेंड्यांवरून सरकला आणि विझला. दरी निळी पडली.

फोईनं खिडकीतून वर पाहिलं. "गेला," ती शांतपणे म्हणाली. "मावळला." आणि पच्चक्खाण घेण्यासाठी, म्हणजे दिवसाचं खाणंपिणं मिटल्याचं म्हणण्यासाठी, तिनं हात जोडायला उचलले.

सकाळी साडेअकरानंतर तिच्या पोटात काही नव्हतं. गोळ्या जेवणावर घ्यायच्या होत्या. विरतीनं पर्समधल्या गोळ्या चाचपल्या. ऋजुलचा चेहरा तर असा झाला, जणू दार्जिलिंगचा जिना पुन्हा समोर आला. पण दुसऱ्याच क्षणी तो मागं वळला आणि म्हणाला,

"फोई, उत्तर चुकलंय."

जोडायला निघालेले हात हवेत थांबले. कुंदनफोईला हे वाक्य आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"उत्तर चुकलं. सूर्य अजून अर्धा तास आहे. तो गेला नाही, आपण डोंगराच्या सावलीत आहोत."

"मला दिसत नाही."

"वरून दिसेल."

"सिद्ध कर."

"चला."

धारेवर जायला पायवाट होती, दीडशे-दोनशे पावलांची. फोईचे गुडघे मात्र पंचवीस पावलांचे. सव्विसाव्या पावलाला ती दगडावर बसली. "झालं. जा तुम्ही."

तेव्हा ऋजुलनं विरतीकडं बघून आपले हात पुढं केले, शाळेत मुलं पालखी करतात तसे. आपलं मनगट आपण धरायचं, दुसऱ्या हातानं समोरच्याचं. विरतीनं धरलं. असे त्या दोघांनी एकमेकांचे हात पहिल्यांदा धरले, आणि वर लगेच कुंदनफोई बसली.

"पाडाल!"

"नाही पाडणार."

"तुझे हात कापताहेत, मुला."

"वजनानं नाही कापत, फोई," ऋजुल म्हणाला, आणि मग विरतीचेही कापायला लागले.

पंखी डबा घेऊन पुढं धावत होती. ऋजुल कुठंही निघाला की गाडीत डबा ठेवायचाच. अचानक ती वरून किंचाळली, "उगवला! मोठी फोई, उलटा उगवला!"

आणि खरंच. जसजसं ते वर चढले, तसतसा पश्चिमेचा डोंगर खाली बसत गेला आणि त्याच्यामागून सूर्य हळूहळू वर आला. आधी कोर, मग अर्धा, मग पुरा, केशरी, गरगरीत. तुम्हीही कधी डोंगरात गेलात तर करून बघा. सावलीतून धावत वर चढायचं. एकाच दिवशी सूर्य दोनदा मावळताना दिसतो.

फोई सपाट खडकावर बसली. तिनं सूर्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. सहा-छप्पन.

"पूर्ण गुण," ती म्हणाली. "डबा उघड."

थेपले, छुंदा, उकळून गार केलेलं पाणी, आणि तळाशी सुखडीच्या, म्हणजे गूळ-कणकेच्या, वड्या. फोईनं पहिला घास घेतला आणि चावायला लागली. एक, दोन, तीन... कुणाची हिंमत नव्हती घाई करायची.

ऋजुलनं थेपला हातात घेतला, तो तसाच राहिला. उन्हात विरतीच्या गालावरचे भुरे केस सोन्यासारखे दिसत होते. त्याचा मफलर तिच्या गळ्यात होता.

"विरती, मला... मला तुला एक सांगायचं—"

"बोलू नकोस," फोई म्हणाली. "बावीस मिनिटं उरलीत आणि तुझ्या हातात अख्खा थेपला आहे. तोंडानं एका वेळी एकच काम कर."

त्यानं घास घेतला. एवढा मोठा, की गाल फुगले. विरतीनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला ठसका लागला. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. तिनं घेतला. बोटांना बोटं लागली. दोघंही एकमेकांकडं बघत चावत राहिले... चावत राहिले. इतक्या गंभीरपणे थेपला खाणारं प्रेम तुम्ही कुठं वाचलं नसेल.

सात-वीसला सूर्य गेला. यावेळी खरंच गेला. आणि तेव्हा पंखीनं मागं वळून पाहिलं. "अय्या!"

ईशान्येला ढग नव्हते. पांढऱ्या डोंगरांची रांग होती, आणि ती आधी पिवळी, मग गुलाबी, मग जास्वंदीसारखी होत चालली होती. फोई वळली.  चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"त्रिकोणी नाही," शेवटी ती म्हणाली.  "मुलींना इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं."

मग तिनं हात जोडून पच्चक्खाण घेतलं. विरतीनं घेतलं, ऋजुलनं घेतलं, आणि पंखीनं सगळ्यांत मोठ्या आवाजात घेतलं.

"हं," फोई ऋजुलला म्हणाली. "आता बोल. आता तोंडाला दुसरं काम नाही."

आणि आता बोलायची मोकळीक मिळाल्यावर त्याला शब्द सापडेनात. "मी... म्हणजे विरती... तू त्या दिवशी जिना चढून आलीस आणि म्हणालीस, गाव हवंय. तेव्हापासून मला वाटतंय की... तू जिथं असशील ते गाव... मला पण हवंय." तो थांबला. "मला नीट सांगता येत नाही. पोट भरलेलं असलं की मला सुचत नाही."

विरती मफलरच्या टोकाशी चाळा करत होती. इतकी तोंडं उघडून बघितली तिनं, पण स्वतःचं उघडायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"मी तुझ्या कचेरीत सहा वेळा आले," ती हळूच म्हणाली. "गाव पहिल्याच दिवशी ठरलं होतं."

"म्हणजे डास..."

"डासांचं मला काय करायचंय, गाढवा?"

यावेळी 'गाढव' शब्द ऐकून त्याच्याएवढा खूश झालेला माणूस हिमालयात दुसरा नसेल.

"डास!" फोईनं कपाळावर हात मारला. "मला वाटलंच. तुझ्या भाभीला मी तेव्हाच म्हटलं होतं, दातांची डॉक्टर डासांचा अभ्यास कधीपासून करायला लागली? तुझ्या घरी कोण कोण आहे, मुला? आईला चालेल ना, सून सातच्या आत जेवणारी?"

"आईला आनंदच होईल, फोई. मला सात वाजता घरी बघून तर ती रडेल."

"ठीक. हिच्या भावाशी मी बोलते. तो माझ्यापुढं नाही म्हणत नाही. पण शब्द दिला-घेतला की तोंड गोड करायचं असतं. नाहीतर पक्कं होत नाही. शकुनाचे गूळ-धणे नाहीत, पण सुखडी आहे..."

सुखडी होती. डब्याच्या तळाशी, तुपानं चमकणारी, एक वडी उरलेली. तिघांनी तिच्याकडं पाहिलं. मग तिघांनी पश्चिमेकडं पाहिलं. तिथं नुसता लाल पट्टा होता.

"सूर्य उगवून वर दोन घटका, म्हणजे सकाळी सव्वासहापर्यंत थांबावं लागेल," ऋजुल खिन्नपणे म्हणाला.

"तोवर कच्चं," फोई म्हणाली.

"रात्रभर कच्चं?" विरतीला ते अजिबात आवडलं नाही. तिची नजर पंखीकडं गेली. तिचीच नव्हे, सगळ्यांचीच. "पंखी, तू लहान आहेस. तुला नियम नाही. आमच्यातर्फे तू खा ना एवढी."

पंखीनं वडीकडं बघितलं. तिला सुखडी जीव की प्राण. तोंडाला पाणी सुटलं, ते तिनं गिळलं, आणि पाणी गिळलं तर मोडतं की काय, म्हणून घाबरून फोईकडं बघितलं.

"मी हात जोडलेत," ती म्हणाली. "मी नाही खाणार."

 मग पंखीनं थोडा विचार केला. खाली रस्त्यावर घंटा किणकिणत होत्या. कळपाचं शेपूट अजून गाडीपाशी रेंगाळत होतं, आणि शेवटी चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या अंगरख्यातून एका इवल्या कोकराचं तोंड बाहेर डोकावत होतं.

पंखीनं डब्यातली वडी उचलली, मुठीत घट्ट धरली, आणि "त्यानं कुठं हात जोडलेत!" असं ओरडत उतारावरून कोकराचं तोंड गोड करायला धावली.